एका युरोचा उजेड

बोलोन्याहून सुटलेली सकाळची पॅसेंजर
दिसेल त्या स्टेशनाशी बोलत थांबत होती.
बाहेर धुकं. पेअरच्या बागा, विजेचे खांब, एक कुत्रा,
सगळं अर्धवट खोडून सोडल्यासारखं.
बेर्तात्सोली सरांनी डब्यातच सांगून टाकलं:
संध्याकाळपर्यंत प्रत्येकी एक चित्र.
एकच, पण समोर बघून काढलेलं.
फोटोवरून काढलंत तर मला लगेच कळतं,
त्याला शिळ्या मासळीचा वास येतो.

राव्हेन्नात सगळे सायकलवर.
पाद्री सायकलवर, काखोटीला पाव.
नव्वदीची बाई सायकलवर, टोपलीत कांद्याची पात.
आणि आम्ही अकरा जण पायी,
पाठीवर फळे बांधून, कासवांची वरात.

निळ्या घुमटाखाली पाच मिनिटं मिळाली.
मान वर करेस्तोवर एक गेलं,
डोळे काळोखाला सरावेस्तोवर दुसरं.
मग खिडकीच्या पातळ दगडातून
मधासारखा उजेड झिरपायला लागला
आणि छत हललं.
खरंच हललं. नेव्हियोलाही विचारा.
मला वाटायचं मोझेक म्हणजे गुळगुळीत फरशी.
छे. एकेक तुकडा जरासा तिरका,
रुसून मान फिरवल्यासारखा बसवलाय.
आपण पाऊल सरकवलं
की तिकडून एक सोनेरी डोळा मिचकतो.
मी वहीत लिहिलं, "तिरकं",
पेन्सिल टेकवली,
आणि बाई म्हणाली, वेळ संपली, पुढचे या.

नंतर दोन चर्च, एक संग्रहालय,
हिरव्या कुरणातल्या पांढऱ्या मेंढ्या,
ओळीने चाललेल्या राण्या, सगळ्यांचे पाय हवेत.
नेव्हियोने तीन चित्रं काढली, तिन्ही चांगली.
माझा कागद सकाळच्या धुक्याइतकाच कोरा.
चौकातल्या झोराइदेबाईच्या टपरीवर
प्यादिना खाल्ली, आत पाघळलेलं चीज,
ते मनगटावरून कोपरापर्यंत गेलं.
खिशात उरला एक युरो. कॉफीपुरता.

कॉफीला निघाले आणि पावसाने चर्चमध्ये ढकललं.
तिथे वेदीखाली चार पायऱ्या, एक कमान,
पलीकडे काळोख, आणि काळोखाला पाण्याचा वास.
भिंतीवर डबी: नाणं टाका, दिवा लागेल.
शेजारी बाकावर एक म्हातारा, टोपी गुडघ्यावर.
"टाक की," तो म्हणाला. "मी कधीच टाकत नाही.
कोणी ना कोणी येतंच."

टाकला.
खण्ण.

खाली पाणी होतं.
पाण्याखाली जुनी जमीन, अक्षरं, वेलबुट्टी,
आणि त्यावरून सावकाश चाललेले
नारिंगी मासे,
जणू त्यांच्याकडे घराच्या किल्ल्या आहेत.

"नाव काय तुझं?"
"आद्दोलोराता."
"दुःखी? भर दुपारी?"
"तारांतोची आहे मी. तिकडे ठेवतात."
"मी लेआर्को. साखर कारखान्यात एकतीस वर्षं.
कारखाना गेला, हे राहिले.
मोज बघू. मला सात दिसतात, काल आठ होते."
मी मोजायला लागले. एक खांबामागे गेला,
दोन एकमेकांवरून, पाच, सहा,

टक्.

काळोख. पाणी पुन्हा नुसता वास.
खिशात हात घातला, खिशात तिकीट.
लेआर्को हलला नाही. "बस," म्हणाला,
"आता खरे दिसतील."
मी वही उघडली.
कागद कुठे संपतो ते बोटाने चाचपलं
आणि काढत गेले, रेघेवर रेघ,
शेपटी कुठे, खांब कुठे, माझं मलाच माहीत नाही.
वर कुणीतरी बूट पुसत होतं.
बराच वेळ दुसरं कोणी आलं नाही.

परतीच्या गाडीत सरांनी वह्या पाहिल्या.
नेव्हियोच्या मेंढ्यांवर हं, हं केलं.
माझ्या पानाशी थांबले, वही उलटी धरली, सुलटी धरली.
"हे काय?"
"मासे."
"किती?"
"सात. किंवा आठ."
"समोर बघून काढलंस?"
काय सांगणार?
गाडीचे दिवे तेवढ्यात एकदा मिटले, लागले.
सर अजून कागदच बघत होते.
अंगठा त्यांनी नाकापाशी नेला, हुंगला,
आणि वही परत दिली.