ऊन पाणी

मेढा सोडून बामणोलीच्या रस्त्याला, पाऊण तासावर,
फाटकावर पाटी: नैसर्गिक गरम पाण्याचं कुंड.
खाली बारीक अक्षरात: टोपी सक्तीची. तेल लावून उतरू नये.
मालननं पहाटेच गुडघ्यांना तेल चोळलं होतं.
पदरानं तिनं ते दोनदा पुसलं
आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं पाटी मीच लिहिलीय.

जावयानं चार तिकिटं काढली. माणशी सहाशे.
आकडा मला ऐकू आला नाही, असं मी दाखवलं.
शीतल म्हणाली, आई, पृथ्वीच्या पोटातनं येतं हे पाणी.
मालन म्हणाली, बाईच्या जातीला पोटाचा आराम नाहीच.

आतल्या पोरीनं तिला काळा नायलॉनचा झगा दिला,
गुलाबी रबरी टोपी दिली.
ती भिंत धरून बाहेर आली.
चाळीस वर्षांत तिच्या पोटऱ्या मी
पहिल्यांदा इतक्या उजेडात पाहिल्या.
चुलीतलं लाकूड निसटलं होतं, त्याचा डाग
मला वाटायचं डाव्या पायावर आहे.

पौषातली थंडी. पाण्यावर वाफ.
मी हात घातला. सदतीस. फार तर साडेसदतीस.
एकतीस सीझन मी कारखान्याच्या बॉयलरवर काढले,
पाण्याला ताप किती, हे मला कुणी सांगू नये.

मग ऐकू आलं.
बांबूच्या बनामागं फीड पंप.
लागतो, थांबतो,
दम घेतो, पुन्हा लागतो.
पृथ्वी असा दम घेत नाही.

लघवीचं निमित्त काढून मागं गेलो.
पत्र्याची शेड, आडवा बुटका बॉयलर,
चिपाडाच्या विटांची थप्पी,
आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत मोबाईल बघणारं पोरगं.
काचेत पाण्याची पातळी खाली गेली होती.
आधी ते बोललो, मग नाव विचारलं.
बिरू. जतचा.
काका, तुम्ही इन्स्पेक्टर का?
म्हटलं, नाही रे. गिऱ्हाईक.
मग इकडं यायला परवानगी नाही.
म्हटलं, ब्लो डाऊन कधी केलंस?
काल.
काल नाही केलंस.
ते हसलं. उठलं.
दोघांनी मिळून केलं.
गढूळ पाणी किंचाळत ओढ्याकडं गेलं,
माझ्या तळव्याला व्हॉल्व्हची जुनी ओळख पटली.

बिरू म्हणाला, बाहेर सांगणार का, काका?

बांबूच्या फटीतनं कुंड दिसत होतं.
मालन गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटलेले.
मग तिनं डोळे उघडले आणि चालायला लागली.
काठी नाही, भिंत नाही, लेकीचा हात नाही,
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत,
बाजारात एकटी निघाल्यासारखी.
वळली, परत आली,
आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

मी म्हटलं, दोन अंश वाढव.

येताना उंब्रजच्या पुढं चहाला थांबलो.
पोरं बिलाच्या रांगेत.
मालन बशीत चहा ओतत म्हणाली,
पृथ्वीच्या पोटाला तुमच्या शर्टाचा वास येत होता.
म्हटलं, कसला वास?
गाळपातला. आंबूस, गोडसर.
भिजवून ठेवला तरी न जाणारा.
एकतीस वर्षं धुतलाय. मला सांगता.

म्हटलं, मग तिथंच बोलली का नाहीस?
जावयाचे पैसे गेले होते, ती म्हणाली.
आणि पाय हलके झाले होते. ते काय खोटे होते?

बशी फुंकली. एक घोट घेतला.
हायवेवरनं उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या,
तो पार दिसेनासा होईपर्यंत ती गप्प बसली.

मधेच पाणी जरा ऊन झालं, ती म्हणाली,
तेव्हा कळलं, तुम्ही कुठं गेलाय ते.