सुट्टे

पहाटे चार चाळीसला बोट पुढं करते.
काल अनामिका झाली, आज करंगळी.
टोचायचं कडेला, मधोमध नाही;
मधोमध टोचलं की दिवसभर
तिकिटाच्या मशीनचं बटण तिथंच दुखवतं.
थेंब येतो. यंत्र पाचापासून उलटं मोजतं
आणि मी श्वास धरून उभी,
दहावीच्या निकालाच्या फळ्यापुढं होते तशी.
एकशे अठ्ठावन्न.
रात्री अर्धीच भाकरी खाल्ली होती, देवाशप्पथ.
पण आकड्याला शपथ ऐकू येत नाही.

कात्रज ते निगडी.
छातीवर बिल्ला, खांद्याला चामड्याची पिशवी,
डब्यात नाचणीची भाकरी, घेवडा, काकडीच्या चकत्या.
डबा उघडायचा निगडीला.
आता निगडी कधी यायची
ते दापोडीचा पूल ठरवतो, चिंचवडचा सिग्नल ठरवतो.
गोळीला रस्ता ठाऊक नसतो.
ती आपली वेळेवर कामाला लागते.

डॉक्टर देशमाने विचारतात, लघवीला किती वेळा जाता?
साहेब, जायचं कुठं?
शिवाजीनगरला कुलूप, पिंपरीला नळ कोरडा,
म्हणून मी पाणीच पीत नाही.
ते चष्म्यावरून बघतात
आणि कागदावर लिहितात : पाणी भरपूर.

गोळ्या बिबवेवाडीत, पोकळे मेडिकलला.
महिन्याचे तीनशे अठ्ठ्याण्णव.
चारशे दिले की पोकळे म्हणणार, सुट्टे नाहीत वहिनी,
आणि काउंटरवर दोन चॉकलेटं ठेवणार.
अहो, साखरेच्या गोळ्यांवर साखर?
तो हसतो. मीही हसते.
सुट्ट्यांवरून मी अर्ध्या पुण्याशी भांडलेय,
याच्यापुढं तोंड उघडत नाही.
कधी कधी उधारी असते.
चॉकलेटं जातात पिशवीच्या तळाला,
एक-दोनच्या नाण्यांत. विसरते.

मंगळवारी खडकीपाशी गाडी थांबली
ती थांबलीच.
पुढं कुणी काय खणलं होतं, कुणालाच माहीत नाही.
सव्वाअकरा. पावणेबारा. बारा.
मानेवर घाम आला, थंडगार.
मशीनवरची अक्षरं पोहायला लागली.
एका पोराला पन्नासच्या नोटेवर
दहाचं तिकीट देऊन साठ परत दिले.
तो म्हणाला, मावशी, जास्त आले.
जास्त, म्हटलं मी,
आणि तो आवाज माझा नव्हता.

सात वर्षं जास्तीशी झगडले, बाई,
आणि गुडघे मोडले ते कमीनं.

हात पिशवीत गेला.
नाणी, नाणी, नाणी,
मग कागदाची चुरचुर.
दातांनीच फाडलं. उन्हानं वितळून पुन्हा आवळलेलं,
पैशांचा वास लागलेलं, अर्धा कागद तसाच चिकटलेला.
दोन्ही एकदम तोंडात.
खांबाला टेकून चघळत राहिले,
सगळी गाडी बघत होती
आणि मला इतकं गोड लागत होतं
की लाज वाटली.

पोरानं वीस रुपये... नाही, दोन दहाच्या नोटा,
हो, वीसच, हातात कोंबले.
अक्षरं हळूहळू जागेवर बसली.
आरशातून वाळुंज ओरडले, घोलपबाई, बेल!
दिली. टण टण.

निगडीला भाकरी खाल्ली,
भीतीपोटी वाळुंजांचा वडापावही खाल्ला, मिरचीसकट.
घरी आल्यावर करंगळीशेजारचं बोट :
दोनशे अकरा.

वहीत कारण लिहायला जागा
दोन बोटांएवढीच.
लिहिलं : खडकी.