शून्य ते चार

तिसऱ्या वर्षाच्या आम्हा सगळ्यांना आज एक कागद वाटला.
शून्य म्हणजे कधीच नाही, चार म्हणजे सतत.
नाव लिहायचं नाही. खरं लिहायचं.
पेन्सिल कॉलेजची.

गेल्या महिन्यात किती वेळा वाटलं
की गोष्टी हाताबाहेर जाताहेत?

गेल्या महिन्यात
गिमारासहून इलोइलोला येणारी सोमवारची पहिली बोट
दोनदा बंद पडली, बरोबर मध्यावर.
बोटवाला दोरी ओढत राहिला
आणि मी पांढरा गणवेश पिशवीत घालून
तान्ह्या बाळासारखा डोक्याच्या वर धरला.
एका डागाला पाच गुण जातात.
समुद्राला हे कुणी सांगितलेलं नाही.
नर्सनं घड्याळाच्या पुढं असावं, म्हणतात व्हिलारुझ मॅडम.
मी पुढंच होते, मॅडम. इंजिन मागं होतं.

तीन लिहू?

झोप लागते का?
लागते की. जीपनीत दांडीला लोंबकळून लागते,
औषधांचे डोस गुणताना दशांशचिन्हावर लागते.
अंथरुणावर तेवढी लागत नाही.

बेड अकरा. लोलो प्रुडेन्सियो.
साठ वर्षं माडावर चढून ताडी काढणारा माणूस,
तळपायांना खाचा, माडाला असतात तशाच.
रोज विचारायचे, इंदाय, आज वारा कुठला?
वॉर्डाच्या खिडक्या उघडत नाहीत, लोलो.
मी विचारायचे, दुखणं किती, शून्य ते दहा?
ते म्हणायचे, तूच सांग बाई,
किती लिहिलं की तुझी सुटका होईल?
मी चार लिहायचे.
मंगळवारी तीन चाळीसला गेले.
मी तेव्हा बीपीचा पट्टा शोधत होते,
तो बेड सातवर होता.
मग त्यांचे पाय धुतले. परीक्षेत चेहऱ्यापासून सुरुवात करतात,
माझ्या हातांनी पायांपासून केली.
मॅडमनी पाहिलं. गुण कापले नाहीत.
संध्याकाळी मी ला पाझला जाऊन बाचोय खाल्लं,
रस्सा फुकट मिळतो म्हणून दोनदा मागितला.
हे कुठल्या आकड्यात बसवायचं?

ताण आला की काय करता? लागू असेल तिथं खूण करा.
प्रार्थना. व्यायाम. मैत्रिणीशी बोलणं.
आमचं त्यात नाही.
हारोच्या खोलीत आम्ही चौघी, पंखा एक,
आणि आठवड्याला एक संत्रं,
त्यावर इंजेक्शनचा सराव.
ऱ्हेझेलचा हात कापतो, ती संत्र्याला आधी सॉरी म्हणते.
सगळ्यांचं टोचून झालं की सोलून खातो.
सलाईननं किंचित खारट झालेलं असतं.
पहिल्या वर्षी आम्ही तोंड वाकडं करायचो,
आता मीठ नसलेलं संत्रं आम्हाला संत्रंच वाटत नाही.

आई दोहामध्ये दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचं करते.
फोनवर माझा चेहरा बघते, मग फीची पावती.
म्हणते, परीक्षा काढ आणि नीघ.
आमच्या बेटाची पिकं दोनच, आंबे आणि नर्सा.
दोन्हींतला चांगला माल बाहेर जातो.
डाग पडलेला
आम्ही घरी खातो.

शेवटचा प्रश्न.
एकंदरीत तुमच्या जगण्याचा दर्जा कसा आहे?

दर्जा.
बाजारात बाबा आंबा हातात घेऊन देठाशी हुंगतात,
मग ठरवतात, वरच्या पेटीत की खालच्या.
मी मनगट नाकाशी नेलं.
स्पिरिट. थोडं संत्रं.

पाच मिनिटं राहिली, बाई म्हणाल्या.
शेजारी ऱ्हेझेल एकेक शून्य नीट गोल काढत होती.
खोटारडी. काल रात्री न्हाणीघरात नळ सोडून
अर्धा तास बसली होती.
मी तिच्या कागदाकडे पाहिलं, तिनं माझ्या.
कुणी काही बोललं नाही.

बाहेर झेंड्याचं कापड नैर्ऋत्येला उडत होतं.
मी शेवटच्या चौकटीत लिहिलं,
आज वारा ईशान्येचा, लोलो. अमिहान सुरू झाला.

हा कागद मोजणीत बाद करतील.
करू देत.
पेन्सिल परत केली. त्या मात्र मोजून घेतात.