टोल्ड मी टू, टोल्ड मी दॅट

ग्रिम्सबीत गुरुवारी संध्याकाळी सहाला
वाचनालयाच्या वरच्या खोलीत हीटर खोकतो
आणि मी फळ्यावर लिहिते : टेल.
पुढं जागा सोडते. इथं माणूस लागतो, म्हणते.
'से'चं कुणावाचून अडत नाही,
तो एकटाही बडबडेल धक्क्यावर, वाऱ्याशी.
'टेल'ला समोर कुणीतरी हवंच :
मी, हिम, हर, अस, देम.
आय नाही. मी.

आणि 'एक्सप्लेन मी' म्हणायचं नाही,
मध्ये 'टू' घालायचा. का, लेस्या विचारते.
एक्सप्लेन माणसाला उघड्या हातानं शिवत नाही,
हातमोजे घालतो, असं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते.
चाळीस वर्षं मी गोदीत बर्फाची बिलं लिहिली.
व्याकरण शिकले निवृत्तीनंतर,
यांच्या जेमतेम एक धडा पुढं राहून.

मग 'दॅट'.
दॅट हा उंबरा.
अलीकडे सांगणारा, पलीकडे सांगितलेलं.
बोलताना गाळला तरी चालतो.
मी नाही गाळणार, सेनाईत म्हणाली,
तिथं मी श्वास घेते,
पुढचं क्रियापद कुठं ठेवलंय ते शोधते.

लेस्याचं वाक्य : ही प्रॉमिस्ड मी दॅट ही विल कम.
नियमानं 'वुड' हवं. वचन मागं पडलं
की येणंही एक पायरी मागं सरतं.
मी लाल पेनाचं टोपण काढलं.
पण तो अजून येणार आहे, ती म्हणाली.
पान एकशे बारा, अगदी तळाला, बारीक टाइपात :
गोष्ट अजून खरी असेल तर 'विल' राहू द्यावं.
टोपण लावलं.

रेबवार दिवसभर हॅडॉकचे काटे काढतो,
पेन्सिलही सुरीसारखी धरतो.
त्याला जागा भरायची होती : दि ऑफिसर टोल्ड, आणि पुढं टिंबं.
त्यानं भरलं : मी दॅट वेट.
नाही, म्हटलं. हुकूम असेल तर टू. टोल्ड मी टू वेट.
दॅटच्या पुढं अख्खं वाक्य लागतं,
स्वतःचा कर्ता, स्वतःचं क्रियापद असलेलं.
टू म्हणजे काही करायला सांगितलं.
दॅट म्हणजे काही कळवलं.

त्यानं वहीत उभी रेघ ओढून दोन रकाने केले.
टू थांबायला. टू सही करायला. टू फोटो आणायला,
कान दिसतील असा. टू हलला जायला.
टू परत यायला. नॉट टू काम करायला.
टू सोमवारी यायला. टू पुढच्या सोमवारी.
पान उलटलं, तरी तो लिहीतच होता.
दॅटचा रकाना कोरा.
सहा वर्षं झाली, मिस डोरीन, तो म्हणाला,
हा इकडे कुणी वापरत नाही का?

वापरतात, म्हटलं मी.
मग कोण ते आठवेना.
गोदीचं ऑफिस बंद झालं तेव्हा
मला चाव्या जमा करायला सांगितलं होतं.
बंद होतंय, हे मी रेडिओवर ऐकलं,
भांडी घासताना.

पावणेआठला केअरटेकर क्लाइव्ह दारात उभा :
पुढच्या गुरुवारी खोली बंद, बॉयलरचं काम आहे.
आणि गेला.
रेबवारनं मान वर केली. टू की दॅट?
दॅट, मी म्हटलं.

त्यानं सावकाश लिहिलं :
क्लाइव्ह टोल्ड अस दॅट दि रूम विल बी क्लोज्ड.
स्पेलिंगच्या दोन चुका. व्याकरण बरोबर.
'अस'खाली त्यानं रेघ मारली होती.
मी मारायला सांगितली नव्हती.