लिहून देणार

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला लागून
माझं टेबल, वर निळी ताडपत्री. सव्वीस वर्षं.
खरेदीखत, भाडेकरार, बक्षीसपत्र, नावात बदल.
'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांच्या मधोमध
माझी बोटं.
पाटीसुद्धा लावलीय:
वाचल्याशिवाय सही करू नये.

मंगळवारी दत्तवाडीच्या हौसाबाई पायगुडे आल्या,
पिठाची गिरणी विकायला.
दगड एक जोड, मोटर साडेसात हॉर्सपॉवर,
पट्टा, चाळणी, लोखंडी वजनं.
म्हणाल्या, मोठ्यानं वाच बाई, सगळं.
डोळे गेलेत, कान शाबूत आहेत.
मी वाचलं:
सदरहू जंगम मिळकत माझे मालकीची व कब्जेवहिवाटीची असून
तीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध, गहाण, तारण, बोजा नाही.
'बोजा म्हणजे?'
म्हटलं, वस्तू आपली आणि तिच्यावर हात दुसऱ्याचा.
'मग नाही बोजा. लिही.'

पहिलं पान निघालं. दुसरं अर्धं.
'पट्टा' या शब्दापाशी प्रिंटर थांबला.
लाल दिवा. पडद्यावर अतिशय नम्रपणे:
आपण वापरत असलेली शाई अधिकृत नाही.

चौदा हजार तीनशे, तापकीर गल्ली.
बिल डब्यात आहे, टाचण्यांच्या खाली,
खरेदीदार: वैजयंता ढमढेरे.
रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन
रिक्षानं घरी नेते मी त्याला, खड्डा आला की हातानं धरते.
शाई भरून दिली होती अप्पा बळवंत चौकातल्या पोरानं,
सिरिंजनं, दीडशे रुपयांत.
काळी ती काळीच.

'काय म्हणतंय ते?'
म्हणतंय, शाई दुसऱ्या घरची आहे.
हौसाबाई हसल्या नाहीत.
'चाळीस वर्षं दळलं मी.
रेशनचा गहू, खपली, कुणाची भिजकी ज्वारी.
दगडानं कधी विचारलं नाही
पिशवी कुठल्या दुकानातली.'

कंपनीला फोन लावला.
माझ्या सोयीसाठी हे संभाषण रेकॉर्ड होत होतं.
पंचवीस मिनिटं सनई, मग एक खराखुरा मुलगा.
मॅडम, सुरू करताना आपण अटी मान्य केल्यात.
तारीख सांगितली. वेळही: सकाळी अकरा सत्तावीस.
आणि गेल्या महिन्यात आपण आठशे बारा पानं काढलीत,
त्यातली बरीचशी रात्री नवानंतर.

रात्री नवानंतर मी काय छापते
हे माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नाही.

पण खरं होतं.
एक्केचाळीस पानं अंगठ्यानं सर्रकन खाली ढकलून
निळ्या चौकोनात टिचकी मारली होती मी,
गिऱ्हाईक उभं होतं म्हणून,
डोक्यावर ती पाटी.

म्हणजे लिहून देणार मी.
आणि लिहून घेणार?
वय, धंदा, राहणार कुठले, काही नाही.
साक्षीदार नाहीत. चतुःसीमा नाहीत:
पूर्वेस कोण ऐकतं, पश्चिमेस कोण मोजतं.
असला दस्त माझ्याकडे कुणी आणला असता
तर मी उठवून लावला असता.

फोन ठेवते तोच त्याच्यावर जाहिरात उमटली:
घरगुती पिठाची चक्की, सुलभ हप्ते.
मी त्याला काही सांगितलं नव्हतं.
फक्त त्याच्या शेजारी बसून
मोठ्यानं वाचलं होतं.

पर्स उघडून बॉलपेन काढलं.
'पट्टा'च्या पुढे हातानं लिहिलं:
चाळणी नग दोन, वजनं नग सात.
अक्षर जरा हललं. समासात आद्याक्षरं घातली.
घेणारा मुलगा घड्याळ बघत होता, त्यानं सही केली,
न वाचता. मी ओरडले त्याला,
पूर्वीइतक्या जोरात नाही.

मग शाईचं पॅड हौसाबाईंपुढे सरकवलं.
अंगठा टेकवायच्या आधी त्या थांबल्या.
'ही कुणाची?'
माझी, म्हटलं.
आणि मग, उगीच,
पॅड उलटं करून एकदा बघितलं.