आवाज कमी येतो

कन्ना चौकात माझं दुकान म्हणजे
जिन्याखालची चार फूट जागा,
एक दिवा, एक सोल्डरिंग,
आणि भिंतीपलीकडं मिरची कांडप.

मल्लेशम कोडम आला तेव्हा कांडप सुरूच होतं.
शर्टावर सुताची पांढरी लव,
हातात रुमालात बांधलेला हेडफोन.
"पोरीनं पाठवलाय पुण्याहून.
आवाजच येईना की ओ. मुंगी बोलल्यागत."

आधी साधं बघायचं असतं.
पिन पूर्ण बसते का?
कव्हर जाड असलं तर ती दारातच थांबते,
नव्या जावयासारखी.
कव्हर काढलं. फरक नाही.
फोन बंद करून दातकोरणीनं भोक कोरलं,
तर सुताचा बोळा निघाला,
एखाद्या चादरीचा कोपरा सहज झाला असता.
मग कानाकडची जाळी.
मळाची लाज धरू नये, सगळ्यांचा असतो;
जाळी जमिनीकडं करायची,
कोरड्या ब्रशनं हळू झाडायची,
फुंकर मारायची नाही, फुंकरीत थुंकी असते.
मग सेटिंग. तिथं एक कुलूप असतं,
कानाच्या काळजीपोटी कंपनीनं घातलेलं;
ते उघडलं.
डाव्या-उजव्याची पट्टी
कुणाच्या तरी बोटानं पार डावीकडं गेलेली,
ती मधे आणली.

माझ्या कानाला लावून बघितलं.
पोरीचा निरोप असा घुसला की दाढा हलल्या:
"नायना, तिन्नवा?"
जेवलास का, एवढं तेलुगू मलाही येतं.

त्याच्या कानाला लावला.
थोडा वेळ छताकडं बघत राहिला.
"बारीकच आहे."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.
इतका वेळ शेजारी मिरची कुटत होती,
मी काही ओरडत नव्हतो,
आणि ह्याचं एक उत्तर चुकलं नव्हतं.
मान वळवून मी खणात हात घातला,
खणालाच विचारलं, "चहा घेणार?"
काही नाही.
तोंड त्याच्याकडं करून तेच विचारलं.
"अर्धा," म्हणाला.

एकतीस वर्षं पॉवरलूम.
बारा तासांची पाळी, पत्र्याचं शेड.
तिथं कोण आवाजावर बोलतंय?
ओठ बघायचे, भुवया बघायच्या.
दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला,
मिशीवर बोट ठेवलं की मालक आला.
मालकाला मिशी नाही, म्हणाला,
त्याच्या बापाला होती. खूण तीच राहिली.

सिव्हिलला कान दाखवा म्हटलं.
"बघू," म्हणाला.
हा 'बघू' माझ्या ओळखीचा आहे,
माझ्या मोतीबिंदूला मी तोच देत आलोय.

मग त्याच्याच फोनवरून पोरीला लिहिलं:
आवाज नको पाठवू, तोंड पाठव.
चहा यायच्या आत व्हिडिओ आला.
कुठल्याशा पुलाखाली, मागं गाड्याच गाड्या,
ती ओठ सावकाश हलवत होती.
मागवाल्याची पोर, तिला शिकवावं लागलं नाही.
त्यानं दोन बोटांची कात्री करून
तिला काहीतरी विचारलं
आणि स्क्रीनमधे दोघं हसले.
मी सोल्डरिंगचं टोक घासत बसलो,
ते स्वच्छच होतं.

वीस रुपये सांगितले. पन्नास ठेवून गेला.

पंधरा दिवसांनी अशोक चौकात दिसला,
पाळीला निघालेला, हेडफोन कानात,
वायर खिशात. खिसा मात्र सपाट.
फोन? "घरी, चार्जिंगला."
मग हे काय?
"शेडमध्ये घालतो. उरलंय तेवढं राहील.
कापूस कोंबला की पोरं हसतात,
हा घातला की म्हणतात,
म्हातारा गाणी ऐकतोय."

"आणि आवाज?" मी विचारलं,
नीट समोर उभा राहून.

"कमी येतो," म्हणाला,
आणि अंगठा वर केला.