बिल्ला

जिऊच्या खोऱ्यात, चौथ्या खाणीवर
मी एकोणीस वर्षं दिवे वाटले.
खाली कधी उतरले नाही, बायकांना नेत नसत.
माझ्या खिडकीतून आधी हात यायचे, चेहरे नंतर.
हातांवरूनच कळायचं:
अर्ध्या बोटाचा दोनशे चौदा,
आणि चारशे बारा, जो दिवा घेण्याआधी
तळवा पँटीला पुसायचा.
‘नोरोक बुन’ म्हणायचे. नशीब साथ देवो.
मी दिवा द्यायचे, पितळी बिल्ला घ्यायचे,
खिळ्याला अडकवायचे.
पाळी सुटली की मोजायचे.
एखादा खिळा मोकळा झाला नाही
तर चहा तसाच गार व्हायचा.

आता खाणीच्या अंगणात मनोरा उभा केलाय.
पंचवीस मीटर. वर पातं नाही, जनित्र नाही,
नुसती शिडी, एक फलाट आणि वारा.
बारा आठवडे, पवनचक्कीची देखभाल.
नऊ पुरुष आणि मी.
वयाच्या रकान्यात अठ्ठेचाळीस लिहिताना
पेन अडलं. शाईचं कारण सांगितलं.

शिकवते ती इलिंका. सव्विशीची, समुद्राकाठची.
पट्ट्याची बकलं अशी लावते
जशी एखादी वेणी घालावी, न बघता.
पहिल्या दिवशी पडद्यावर चित्रं दाखवत
चाळीस मिनिटं समजावत होती:
चढण्याआधी आपला बिल्ला फळ्यावर लावायचा,
उतरल्यावर काढायचा,
म्हणजे वर कोण आहे ते खाली कळतं.
काही शंका?
कुणी हात वर केला नाही.
सगळे माझ्याकडे बघत होते.

चारशे बारा म्हणजे गाव्रिल.
तीस वर्षं ज्याच्या डोक्यावर डोंगर होता
तो आठव्या मीटरला थिजला.
पायाखाली नुसती हवा,
गुडघे शिडीला चिकटलेले.
उतरल्यावर मला म्हणाला,
‘खाली पडायला जागाच नसते, आउरिका.
तिथे जागा आपल्यावर पडते.’
आणि मग हसला, एकटाच.

सहाव्या आठवड्यात सुटकेचा सराव.
ऐंशी किलोंचा बाहुला.
पोरांनी त्याचं नाव ठेवलं डायरेक्टर,
जुन्या साहेबांसारखाच जड, आणि काही विचारलं की गप्प.
गाव्रिलने त्याच्या काखेखालून दोर घेतला,
दोन वेढे, एक उलटा फास. डोळे मिटून बांधावं तसं.
इलिंका थांबली.
‘ही गाठ पुस्तकात नाही.’
‘नसेल. हिनेच शेर्बान वर आला.’
‘जिवंत?’
गाव्रिल दोराचं टोक बघत राहिला.
‘वर आला,’ म्हणाला.

शेर्बानचा बिल्ला दोनशे चौदा.
दोन रात्री खिळ्यावर होता.
तिसऱ्या सकाळी मीच काढला
आणि कुणाकडे द्यायचा ते
कुठल्याच नियमात नव्हतं.

‘सोडा,’ इलिंका म्हणाली. ‘पुस्तकातली बांधा.’
आवाज हळू होता, पण शब्द बदलले नाहीत.
मग तिने नव्या दोरावर जुनी गाठ ओढून दाखवली.
सरकली.
दोर गुळगुळीत, गाठ तागाच्या काळातली.
गाव्रिलने पुन्हा बांधली. चार वेळा चुकली.
पाचव्यांदा तिने काही न बोलता खूण केली
तेव्हा तो तळवा पँटीला पुसत होता.

चक्क्या इथे नाहीतच. त्या दूर दोब्रोजात,
आगगाडीने एक अख्खी रात्र.
पोरं जातील. माझं बघू.
नोकरीची हमी आहे का, असं विचारलं
तर कचेरीतला माणूस माहितीपत्रक देतो,
त्यावर हसणारी बाई आहे, हेल्मेट नवंकोरं.

आज माझी पाळी.
बिल्ला क्रमांक दहा, प्लास्टिकचा, वजनच नाही त्याला.
फळ्यावर लावला. वर जाताना काय म्हणतात
ते या अभ्यासक्रमात नाही,
म्हणून जुनंच पुटपुटले.

फलाटावरून दिव्यांच्या खोलीचं छप्पर दिसतं.
पन्हाळीत गवत उगवलंय,
एक पत्रा उचकटलाय.
एकोणीस वर्षं त्याच्याखाली बसून
वरून ते कसं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं.

खाली फळ्यापाशी गाव्रिल उभा आहे.
एकच बिल्ला आहे तिथे,
आणि तो मोजतोय.